नंबर नसलेली तार

मुंबईच्या बोटीतून उतरलो. गावच्या एसटीला अवकाश होता, म्हणून सुखरूप पोचल्याचं मुंबईला बायकोला कळवायला रत्नागिरीच्या तार ऑफिसात गेलो. भिंतीवर शुभेच्छांचा तक्ता होता. लग्न, दिवाळी, परीक्षा, प्रत्येकाला एक नंबर. तो लिहिला की पलीकडे अख्खं वाक्य मिळायचं. मरणाला नंबर नव्हता.

व्हरांड्यात एक म्हातारा लोकांच्या तारा लिहून देत होता. चष्म्याची एक काडी दोऱ्याने कानाला बांधलेली. पुढ्यातल्या फॉर्मांवर मजकूर आधीच लिहिलेला, फक्त नाव-पत्ता रिकामा.

समोरची बाई पदराने डोळे पुसत म्हणाली, "सासरे गेले वो आमचे. मुंबयला ह्यांना कळवायचाय."

त्याने वरचाच फॉर्म उचलून पत्ता भरला आणि वाचून दाखवला, "फादर सीरियस. स्टार्ट इमिजिएटली."

मी हादरलो. "अहो, गेले म्हणतायत ना त्या!"

त्याने मान वर केली नाही. टाकाचं निब पुसत म्हणाला, "गेल्याची तार मी लिहीतच नाही. एवढा बोटीचा प्रवास त्या लेकाने एकट्याने कसा करायचा? सीरियस म्हटलं की माणूस आशेवर घरापर्यंत येतो. कोणी न बोलता नुसतं रडलं, तरी हेच लिहितो."

"आणि खरंच आजारी असला तर?"

"तेव्हा लोक डॉक्टरकडे धावतात हो. तार कोण करतोय?"

काल मला मुंबईत मिळालेली तार खिशातच होती. तिच्यातही हेच शब्द होते. वडलांसाठी घेतलेली मोसंब्यांची पिशवी मी हळूच खाली ठेवली.