कूपमंडूक आणि दोन टोपल्या बोंबील

बोंबील किनाऱ्यावर आले की कुणासाठी थांबत नाहीत. ऊन चढायच्या आत, जबड्यात जबडा अडकवून, ते बांबूच्या वलांडीवर टांगावे लागतात. चिंचणीच्या किनाऱ्यावर त्या सकाळी दोन टोपल्या वाळूत पडून होत्या आणि त्यांची मालकीण पंचांसमोर उभी होती. बातमीसाठी मी तिथे होतो.

तिचं माहेर याच कोळीवाड्यातलं. नवरा मराठवाड्यातला, बोईसरच्या कारखान्यात कामाला. इथला रिवाज असा, की ज्या घराची होडी, त्याच घराची वलांडी. तिच्या बापाची होडी मोडीत निघाली होती. तरी बंदरावर बोंबील विकत घेऊन ती बापाच्याच जागेवर टांगायला आली होती.

"आज हिला दिली, तर उद्या अख्खं बोयसर येल इथं," पंचांतले म्होरके म्हणाले.

तिच्या बाजूने बोलायला आलेले निवृत्त मास्तर चिडले. "ही कूपमंडूक वृत्ती आहे!"

"काय बोलला? शिवी दिली काय?" मागून दोघे उठले.

म्होरक्यांनी माझ्याकडे बोट केलं. "पेपरवाले, तुमी सांगा."

मी सांगितलं. शब्द संस्कृत. कूप म्हणजे विहीर, मंडूक म्हणजे बेडूक. जुन्या गोष्टीत समुद्रातला बेडूक विहिरीत येतो. विहिरीतला बेडूक लांब उडी मारून विचारतो, तुझा समुद्र एवढा आहे का? याहून फार मोठा, असं ऐकल्यावर तो पाहुण्याला खोटारडा ठरवतो. त्यावरून, आपल्या काठापलीकडे जगच नाही असं मानणारा तो कूपमंडूक.

"आमी दर्यावर जातो, मास्तर. आमी विहिरीतले?" एक जण मास्तरांच्या अंगावर गेला. दुसऱ्याने त्याचा दंड धरला.

"बेडकाचं मागून बगा!" ती ओरडली. "माजे बोंबील नासतात."

तिने टोपली उचलली आणि बापाच्या वलांडीकडे चालू लागली. म्होरके आडवे झाले. ती थांबली नाही. टोपलीतलं पाणी त्यांच्या सदऱ्यावर सांडलं. 

शेजारच्या वलांडीवरची म्हातारी मान न वळवता म्हणाली, "वरच्या बांबूला लाव गो बाय. खाली कुत्रे पोचतात."

म्होरके सरकले. "फक्त आजचा दिवस."

तिने पहिली जोडी वरच्या बांबूला अडकवली. दुसऱ्या टोपलीच्या तळाचे बोंबील मऊ पडले होते. ते ती वेगळे काढत होती आणि पंच पुढच्या बैठकीचा दिवस ठरवत होते.