सातव्या हाताची थाप

मी माझ्या भाऊजींचा हात चोरला आणि वर त्यांनाच सांगितलं, की यंदा गिटार लागणार नाही. पहिली गोष्ट उत्सुकतेपोटी केली, दुसरी भित्रेपणामुळे. उत्सुकतेबद्दल मला आजही फारसं वाईट वाटत नाही. भित्रेपणाबद्दल वाटतं, म्हणून हे लिहितो आहे.

हात म्हणजे वाजवण्याची ढब. आमच्याकडे ढोलकीवाल्याचा हात, पेटीवाल्याचा हात असंच म्हणतात. भाऊजी माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. नवेगाव बांधच्या पलीकडे, इटियाडोह धरणाच्या कालव्यावर त्यांची धानाची शेती आहे. तरुणपणी ते गोंदियाच्या एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. पुढे येऊन बोटांची करामत दाखवणारे नव्हे; गायकाच्या पाठीमागे उभं राहून, कॉर्ड धरून ताल देत राहणारे. त्याला रिदम गिटार म्हणतात. ती वाजत असते तेव्हा कोणाचं लक्ष जात नाही, पण थांबली की गाणं उघडं पडतं.

कोहमाऱ्याहून नवेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं फोटो स्टुडिओचं दुकान आहे. लग्नाची शूटिंग करता करता मी गाणीही रेकॉर्ड करू लागलो. आवाज घुमू नये म्हणून मागच्या खोलीच्या भिंतींना राइस मिलमधला जुना बारदाना ठोकला. भजनी मंडळं, दंडार या आमच्याकडच्या लोकनाट्याचे संच येऊ लागले. गिटार लागली की भाऊजी, हे ठरलेलंच होतं. मोटारसायकलच्या मागे गिटार बांधून ते यायचे, खोलीत शिरताच बारदान्याचा वास घ्यायचे आणि म्हणायचे, "काय गा, गाणं हाय, का धान भराचं हाय?"

त्या वर्षी पावसाळा सरता सरता मी लॅपटॉपमध्ये एक सॉफ्टवेअर टाकलं. त्यात गिटार होती. लॅपटॉपला पेटीसारख्या पट्ट्यांचा छोटा कीबोर्ड जोडला, उजव्या बाजूची पट्टी दाबली आणि सहाही तारा एकदम झणकारल्या. उजवीकडे कॉर्ड. डावीकडच्या पट्ट्यांवर हाताच्या हालचाली: एकीवर वरून खाली, एकीवर खालून वर, एकीवर तळहाताने दाबलेल्या तारांची खुडखुड. अगदी शेवटच्या पट्टीवर गिटारच्या लाकडावर मारलेली थापसुद्धा होती. कुठल्या तरी देशात कोणीतरी माणूस बसून एकेक तार हळू, जोरात, मध्यम अशी पुन्हा पुन्हा छेडत राहिला असणार, आणि ते सगळे आवाज या पट्ट्यांखाली भरून ठेवलेले. त्या माणसाची बोटं किती दुखली असतील, याचाच मी पहिल्या दिवशी विचार करत बसलो.

दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसे. मी वाजवून बघत राहिलो. सुरुवातीला जे निघालं त्यात एकही चूक नव्हती आणि जीवही नव्हता. सगळे हात, म्हणजे तारांवरचे आघात, सारख्याच जोराचे. मग मी काही हात हलके केले, काही जड. आवाज भरदार व्हावा म्हणून तोच ट्रॅक एकदा डाव्या कानात आणि एकदा उजव्या कानात ठेवला, तर तो भरण्याऐवजी मधोमध आक्रसला. माणूस तेच दोनदा वाजवतो तेव्हा दोन्ही वेळा थोडं वेगळं वाजवतो, म्हणून ते रुंद वाटतं. नुसती नक्कल ठेवली तर दोन्ही मिळून एकच आवाज होतो. हे कळायला मला तीन दुपारी लागल्या आणि त्या तीन दुपारी मी फार सुखात होतो.

तरी काहीतरी कमी होतंच. म्हणून मी भाऊजींची जुनी रेकॉर्डिंग उघडली आणि पडद्यावर मोठी करून पाहिली. कानाने वर्षानुवर्षं ऐकलेलं तेव्हा डोळ्यांनी दिसलं. आठ हातांची एक फेरी. तीन फेऱ्या सरळ जात, आणि चौथ्या फेरीत सातवा हात तारांवर पडतच नसे. तो लाकडावर पडे. थप. आणि आठवा हात येई तो केसभर उशिराने.

मी तो उशीर मोजला. सॉफ्टवेअरमध्ये चौथ्या फेरीच्या सातव्या जागी थापेची पट्टी दाबली, आठवा हात तेवढाच मागे सरकवला आणि ऐकलं. खोलीत जणू भाऊजीच बसले होते.

तेवढ्यात दंडारीचं मंडळ गाणं घेऊन आलं. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसभर दुकानं, पाहुणे आणि दंडार. आपल्या मंडईचं आमंत्रण गाण्यातून द्यायचं, अशी त्यांची कल्पना होती. मी त्यात ही गिटार घातली. त्यांना आवडली. कोणी वाजवली, हे त्यांनी विचारलं नाही. भाऊजीच असणार असं त्यांनी धरलं.

दोन दिवसांनी भाऊजींचा फोन. "कधी येऊ रेकॉर्डिंगले? धान कापनं सुरू हाय, पन एक दिवस काढतो."

खरं सांगायला तोंड उघडलं होतं. निघालं ते वेगळंच. "भाऊजी, यंदा मंडळवाले म्हनतेत, गिटार नको."

"काऊन?"

"जुन्या चालीचं पायजे म्हनतेत. बस, ढोलकी न् पेटी."

ते हसले. "बरं झालं गा. माहा एक दिवस वाचला."

दिवाळीच्या तोंडावर भोंगा लावलेला ऑटो ते गाणं वाजवत फिरू लागला. हे होणार हे मला माहीत होतं, तरी ते भाऊजींच्या कानावर जाईल हे डोक्यात आलं नाही. खोटं बोललेला माणूस इतका बावळट कसा होतो, कोण जाणे. मळणीयंत्राचा पट्टा आणायला भाऊजी कोहमाऱ्याला गेले होते. चहा पिताना त्यांनी गाणं ऐकलं, ऑटो थांबवला, ड्रायव्हरला ते दोनदा पुन्हा लावायला सांगितलं आणि थेट माझ्या दुकानात आले.

मी काउंटरमागे उभा राहिलो. ओरडतील, असं वाटलं. पण त्यांचे डोळे चमकत होते.

"कोनाचा हात हाय हा?"

"मंडळानं मागाहून सांगतलं, गिटार टाका म्हनून. घाई होती. गोंदियाचा एक मानूस आला होता."

"नाव?"

"नाव नाही विचारलं जी."

"येवढा हात ऐकला न् नाव नाही विचारलं?" भाऊजी माझ्याकडे बघतच राहिले. "भल्ला निर्मोही हायेस तू."

भाऊबीजेला मी बहिणीकडे गेलो. ओवाळून झालं, मी भाऊजींच्या पाया पडलो आणि उठताना वर बघितलं नाही. धानाच्या पोत्यांवर गिटार ठेवली होती आणि तिच्याशेजारी नव्या तारांचं न फोडलेलं पाकीट. ताई म्हणाली, "रेकॉर्डिंगसाठी आनल्या होत्या तारा. यंदा मंडळाले काय झालं होतं रे?" मी करंजी तोंडात घातली.

जेवताना भाऊजींनी जी गोष्ट सांगितली, ती इतक्या वर्षांत मी ऐकली नव्हती. ती थाप त्यांची स्वतःची नव्हती. ऑर्केस्ट्रात रेल्वेत नोकरी करणारा एक गिटारवाला होता, भाऊजी त्याच्यापाशी शिकले. "ढोलकीवाल्याले तंबाखूच्या खर्ऱ्याची सवय," भाऊजी म्हणाले. "गाणं सुरू असतानाच थुकाले जाये. मंग हा दोस्त गिटारच्या लाकडावर थाप देये, ढोलकी गेली हे पब्लिकले समजू नये म्हनून. मले सवयच लागली. त्याची बदली झाली अन् मानूस गेला तो गेला. कुठं हाय, काही पत्ता नाही." मग ते माझ्याकडे वळले. "त्याच्याबिगर ही थाप फक्त मले येते. तो गोंदियाले वापस आला असन, नाहीतर त्यानं कोनाले तरी शिकवली असन. मंडई झाली का जाऊ आपन. चलशीन?"

मी हो म्हणालो. ताईसमोर, ताटावर बसून, दुसरं काय म्हणणार होतो?

मंडईनंतर आम्ही बसने गोंदियाला गेलो. वाद्यांच्या दुकानात भाऊजींनी मोबाइलवर गाणं लावलं आणि हिंदीतून विचारलं, हा कोण वाजवतो? दुकानदाराने मन लावून ऐकलं. "हाथ तो पुराना लगता है," तो म्हणाला, "पर ऐसा कोई आता नहीं यहाँ।" भाऊजी खूश. हात जुना आहे, हे त्यानेही ओळखलं होतं. मग रेल्वेच्या क्वार्टरांमध्ये दारोदार. एका म्हाताऱ्या बाईंना गिटारवाला आठवत होता. "वो? वो तो कब के बिलासपुर चले गए, भैया। शाम को यहीं चबूतरे पे बजाते थे।"

भाऊजी त्या ओट्याजवळ जाऊन उभे राहिले, त्यावर हात फिरवला आणि म्हणाले, "बिलासपूरची गाडी कितीले हाय, विचारू."

स्टेशनवर ते रांगेत लागले. शेतात कापलेलं धान पडलं होतं, ढग येत होते, आणि हा माणूस माझ्या एका वाक्यापायी दुसऱ्या राज्यात निघाला होता. त्यांच्यापुढे दोघंच उरले तेव्हा मी त्यांचा दंड धरला.

"भाऊजी, रांगेतून बाहेर या."

"काऊन? नंबर जाईन ना."

"बिलासपूरले जाऊन काही भेटनार नाही. ती गिटार मानसानं वाजवलीच नाही. कॉम्प्युटर हाय तो."

ते हसले. "कॉम्प्युटरले हात असते का?"

"नाही."

"मंग थाप मारल्यावर त्याले उशीर कायले झाला? लाकडावरून तारेवर याले हाताले वेळ लागते. ज्याले हातच नाही, त्याले उशीर काऊन?"

इतका नेमका प्रश्न त्या सॉफ्टवेअरबद्दल मला कोणी विचारला नव्हता. "तो उशीर मी टाकला," मी म्हणालो. "तुमच्या जुन्या रेकॉर्डिंगमधून मोजून. हात तुमचाच हाय."

भाऊजी रांगेतून बाहेर आले आणि बाकावर बसले. मी शेजारी बसून बोलत सुटलो. पट्ट्या कशा असतात, एकेक तार कशी आधी वाजवून ठेवलेली असते, डावा आणि उजवा ट्रॅक वेगळा का ठेवावा लागतो. बसमध्येही बोलतच होतो. ते मधेमधे विचारत होते. तार तुटली तर? ज्याने पहिल्यांदा वाजवून भरलं, त्याला माहीत आहे का आपण इथे वाजवून राहिलो ते? मी उत्तरं देत होतो आणि मला हलकं वाटू लागलं होतं. सगळं समजावून सांगितलं म्हणजे सगळं कबूल केलं, असं मी धरून चाललो होतो.

ऊन उतरायच्या आत आम्ही दुकानात पोचलो. मागच्या खोलीत मी लॅपटॉप लावला आणि कीबोर्ड त्यांच्यापुढे सरकवला. कापणीने चिरलेल्या बोटाने त्यांनी एक पट्टी दाबली. कॉर्ड वाजली. त्यांनी बोट उचलून त्याच्याकडे बघितलं, पुन्हा दाबलं. "एक बोट, सहा तारा," ते पुटपुटले. मग दोन्ही हात ठेवले, डाव्याने खाली-वर, उजव्याने कॉर्ड, अडखळत एक फेरी, दुसरी, तिसरी. चौथ्या फेरीत थापेची पट्टी कुठली हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांचा उजवा हात आपोआप उचलला गेला आणि टेबलाच्या लाकडावर पडला. थप. मग तो परत पट्ट्यांवर आला, केसभर उशिराने.

दोघंही हसलो. हसणं ओसरलं, तसे भाऊजी पट्ट्यांवरून हात न काढताच म्हणाले, "कॉम्प्युटरचं समजलं. भारी चीज हाय. मले पुन्हा याचं हाय हे शिकाले. पन एक गोष्ट नाही समजली."

"कोनती जी?"

"मंडळानं गिटार नको कायले म्हटलं होतं?"

मी लॅपटॉपच्या पडद्याकडे बघू लागलो. तेवढ्यावरूनच त्यांना कळलं.

"म्हंजे," ते सावकाश म्हणाले, "लाकडावर मी थाप मारतो, अन् तू माह्यावर."

हा विनोद होता, पण ते हसले नाहीत. आमच्याकडे जावयाच्या पाया पडलं की बरंच काही मिटतं. भाऊबीजेला मी तेच केलं होतं, खोटं पोटात ठेवून. वाकलं की तोंड दिसत नाही. या वेळी मी वाकलो नाही. खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसलो, त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं आणि म्हणालो, "मंडळानं काहीच म्हटलं नव्हतं, भाऊजी. मीच म्हटलं. तुमाले बोलवाची गरज राह्यली नाही, हे तोंडावर सांगाची माही हिंमत झाली नाही. तुमचा हात मी न विचारता घेतला, तुमालेच घरी बसवलं, अन् नसलेल्या मानसाच्या मागं फिरवलं. मी खोटं बोललो. मले माफ करा."