ऐकलं तेवढंच

वसंतअण्णा रेकॉर्ड लावायच्या आधी तिचं कव्हर उशीच्या अभ्र्यात घालायचे. वाद्यवृंद कुठला, संचालक कोण, हे कुणाला कळता कामा नये. समोरच्या स्टुलावर एक वही ठेवलेली असायची. मग तीनशे वर्षांपूर्वीचं युरोपातलं बरोक संगीत कोरमंगलातल्या त्या खोलीत सुरू व्हायचं. संपलं तरी कुणी तोंड उघडायचं नाही. प्रत्येकानं आपलं मत वहीत लिहायचं, खाली नाव घालायचं, तेव्हाच अभ्र्यातून कव्हर बाहेर यायचं. "आधी लिही, मग बोल," अण्णा म्हणत. "बोलून झाल्यावर लिहिलेलं दुसऱ्याचं असतंय."

मी पुण्याहून नोकरीसाठी बंगळुरूला आलो आणि त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहू लागलो. पहिल्याच रविवारी दुपारी त्यांनी मला जिन्यात अडवलं. आतून व्हायोलिनांचा आवाज येत होता.

"काय ऐकायलायस?"

"छान आहे," मी आपलं सभ्यपणे म्हणालो.

"छान असू दे की रे. ऐकू काय आलं ते सांग."

मला काही सांगता येईना. "मग बस आत, तम्मा," ते म्हणाले. "स्वल्प चहा घे आणि परत ऐक." कानडीत धाकट्या भावाला तम्मा म्हणतात. तेव्हापासून मी त्यांचा तम्मा झालो.

अण्णा मूळचे बेळगावचे. सगळी नोकरी एका यंत्रांच्या कारखान्यात, तपासणी विभागात गेली. तिथं यंत्र बसवायला आलेला एक जर्मन इंजिनियर परत जाताना रेकॉर्ड्सची एक पेटी त्यांच्याकडे ठेवून गेला. अण्णांना त्या संगीताचं ओ की ठो कळत नव्हतं. पण हातात आलेली वस्तू तपासल्याशिवाय सोडायची नाही, ही खोड. एकच रचना चार वेगवेगळ्या वाद्यवृंदांनी वाजवलेली त्या पेटीत सापडली आणि फरक शोधता शोधता माणूस त्यात पुरता बुडाला. स्पीकरसुद्धा त्यांनी स्वतः बनवले होते, सागवानी खोक्यांचे, कमरेएवढे उंच.

रविवारी आम्ही चौघं जमायचो. अण्णा, मी, भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले राव सर, आणि नागपूरची मीनल, जी बेळ्ळंदूरहून दीड तास ट्रॅफिक तुडवत यायची. घरकाम करणाऱ्या नागम्माचंही मत अण्णा विचारायचेच. तिला लिहिता येत नसे, म्हणून तिचं मत ते स्वतः वहीत उतरवून घेत. एका संथ, भारदस्त रेकॉर्डवर ती म्हणाली होती, "मिरवणूक मोठी आहे, पण पालखीत देव नाही." अण्णांनी ते मराठीत लिहून खाली "नागम्मा" असं ठसठशीत घातलं.

त्यांची स्वतःची मतं तर ऐकण्यासारखी. फार तूपकट वाजवणाऱ्या मोठ्या वाद्यवृंदाला ते म्हणायचे, "पंगतीतनं उठून आलेत सगळे." धावत सुटलेल्या नव्या मंडळींना, "गाडी चुकायलीय काय ह्यांची?" एकदा मीनलनं गंमत केली. अण्णांची सर्वांत लाडकी रेकॉर्ड तिनं त्यांच्या नकळत लावली आणि कव्हर अभ्र्यात घातलं. अण्णांनी लिहिलं, "दुसरा भाग झोपाळू. पुन्हा ऐकणार नाही." कव्हर बाहेर आल्यावर आम्ही पोट धरून हसलो. मीनलनंच ते पान फाडायला हात पुढं केला, तर अण्णांनी वही काखेत घेतली. "राहू दे. ऐकलं तेवढंच लिहिलंय. लाडकी आहे म्हणून खोटं लिहू काय?"

त्यांच्या पत्नी वारल्या त्यानंतरच्या वर्षी ते सुरू झालं. एका रविवारी अण्णांनी वहीत लिहिलं, "हार्पसिकॉर्ड मागं ढकललंय. ऐकूच येत नाही." हार्पसिकॉर्ड म्हणजे पियानोचा पूर्वज. त्याच्या तारा छेडल्या जातात, आवाज बारीक, किणकिणता. त्या रेकॉर्डमध्ये ते अगदी पुढ्यात वाजत होतं. राव सरांनी माझ्याकडे पाहिलं, मी मीनलकडे. वही माझ्या हातात होती. अण्णांचे कान जात चालले आहेत हे आम्हा तिघांनाही त्या क्षणी कळलं.

आमच्या ऑफिसात मत द्यायचं ते कुणाला टोचू नये म्हणून चार उशा लावूनच द्यायचं असतं. ती सवय अंगात मुरलेली. शिवाय बायको गेलेल्या माणसाजवळ उरलंय काय, तर हे रविवार, असं मला वाटलं. मी लिहिलं, "अण्णांशी सहमत. हार्पसिकॉर्ड दबलेलं आहे." खाली नाव घातलं. मीनलनं तेच लिहिलं. राव सर बराच वेळ पेन धरून बसले आणि शेवटी त्यांनीही तेच लिहिलं.

एकदा पेरलेलं खोटं दर रविवारी पाणी मागत राहिलं. दीड वर्ष आम्ही ते घातलं. अण्णा रेकॉर्डिंग करणाऱ्यांना नावं ठेवत, आम्ही माना डोलवत, आणि त्या भरात नागम्माला विचारायचं राहूनच जाई. मग त्यांनी ठरवलं की दोष स्पीकरमध्ये आहे. "लाकूड फुगलंय. वरचे स्वर खातंय." स्वतः बनवलेले ते स्पीकर त्यांनी भंगारवाल्याला द्यायला काढले. जिन्यावरून ते खाली उतरवताना एका बाजूला अण्णांनी धरलं होतं आणि दुसऱ्या बाजूला मी. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. मी फक्त "सांभाळून, अण्णा" म्हणालो.

नवे स्पीकर आले त्याच रविवारी ते उघडं पडलं. रेकॉर्ड संपली. अण्णा उदास होऊन म्हणाले, "ह्याच्यातही हार्पसिकॉर्ड नाही की रे." चहाचे कप उचलायला आलेल्या नागम्माला त्यांनी जुन्या सवयीनं कानडीत विचारलं, "तुला काय ऐकू आलं?" आमचं कारस्थान तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

"ते किणकिण वाजणारं आज फार झालं, अण्णा," ती म्हणाली. "स्वयंपाकघरापर्यंत येत होतं."

"आज?"

"रोजच येतं की."

अण्णांनी वही उघडली. दीड वर्षाची पानं ते एकेक करून वाचत गेले. प्रत्येक पानावर आमची तिघांची नावं होती. मग त्यांनी वही माझ्यासमोर धरली. "तम्मा, ह्यात तू ऐकलेलं कुठलं?"

मी वही घेतली आणि मिटून स्टुलावर ठेवली. राव सर काहीतरी समजावू लागले.

"सरी, ठीक आहे," अण्णा म्हणाले. "चहा गार झाला. नागम्माला दुसरा करायला सांगतो." त्यानंतर रविवारची बैठक कधी झाली नाही.

कानाच्या डॉक्टरकडे मीच त्यांना घेऊन गेलो. काचेच्या खोलीत त्यांना बसवलं होतं. आवाज ऐकू आला की हातातलं बटण दाबायचं. एकेक बारीक स्वर जात होता, त्याचा दिवा बाहेर लागत होता, आणि अण्णांचा अंगठा बटणावर तसाच. अंदाजानं दाबता आलं असतं. त्यांनी एकदाही दाबलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की वय आहे, हे व्हायचंच. "पण वर्षा-दीड वर्षापूर्वी कानाचं यंत्र लावलं असतं तर सवय झाली असती. आता बोलणं कळेल, संगीताचं अवघड आहे." अण्णांनी माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

यंत्र लावून त्यांनी एक रेकॉर्ड ऐकली. "ताटात चमचे पडल्यासारखं वाजतंय," म्हणाले आणि यंत्र काढून डबीत ठेवलं. माझ्यावर ते रागावले नाहीत. उपमा केला की वर डबा पाठवत, माझ्या आईची चौकशी करत. फक्त "काय ऐकायलायस?" हे त्यांनी मला पुन्हा कधी विचारलं नाही. रिक्षावाल्याला विचारत, गॅसवाल्याला विचारत. मला नाही. पुढं माझं ऑफिस हललं, मी बेळ्ळंदूरला राहायला गेलो आणि ट्रॅफिकची सबब सांगत जाणं कमी केलं. खरं कारण मला ठाऊक होतं.

त्यांचं हृदय थकत चालल्याचं नागम्मानं फोनवर कळवलं, तेव्हा गेलो. त्यानंतर चारच दिवसांनी ते गेले.

मी भेटायला गेलो त्या दुपारी ते उशांना टेकून पडले होते. खोलीत रेकॉर्ड लागलेली होती. आता त्यांना फक्त खालचे, जाड स्वर तेवढे येत असावेत. ते बोटांनी चादरीवर ठेका धरत होते आणि मधेच थांबत होते. वाकून त्यांच्या कानाशी मी मोठ्यानं म्हणालो, "अण्णा, मी आलोय." त्यांनी माझा हात हातात घेतला. बराच वेळ धरून ठेवला. रेकॉर्डचा संथ भाग सुरू झाला आणि त्यांनी डोळे मिटूनच विचारलं, "हार्पसिकॉर्ड आलं काय रे आता?"

इतक्या दिवसांनी त्यांनी मला विचारलं होतं. "आलंय, अण्णा," मी सांगितलं. "एकटंच वाजतंय. अगदी स्वच्छ."

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं, मायेनंच पाहिलं. मग माझा हात न सोडता मान दाराकडे वळवली आणि होता नव्हता तेवढा जोर काढून हाक मारली, "नागम्मा, केळिस्तिद्या?" ऐकू येतंय का?

"केळिस्तिदे, अण्णा," आतून नागम्माचा आवाज आला. तो त्यांच्यापर्यंत पोचला नसावा, म्हणून ती ओले हात पुसत दारात येऊन उभी राहिली आणि तिनं मान हलवली.

ते पाहून अण्णांनी समाधानानं डोळे मिटले. मी त्या दिवशी खरं बोललो होतो.