पाडव्याचा घास

नव्वद सालानंतर मुरबाडच्या बाजूला औषधांचे कारखाने आले, त्यातल्या एकाच्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागली. किन्हवलीतली बी.एस्सी. झालेली मुलगी म्हणून घरी केवढं कौतुक! काम काय, तर पांढऱ्या उंदरांना इंजेक्शनं द्यायची आणि त्यांचं रक्त काढायचं. आई शेजारणींना सांगायची, "पोरगी औषधं बनवते." मी तिची चूक कधी सुधारली नाही.

त्या वर्षी वाढीच्या हार्मोनचा प्रयोग चालू होता. वीस उंदीर. दहांना रोज हार्मोन, उरलेल्या दहांना नुसतं मिठाचं पाणी. हार्मोनवाले डोळ्यांदेखत भरत होते, पण प्रयोगशाळेच्या सरांना हवं होतं ते रक्त. या औषधाने उपाशीपोटीची साखर चढते का, ते बघायचं होतं. पुढे ते न वाढणाऱ्या मुलांना द्यायचं होतं. शेवटचं रक्त भाऊबीजेच्या सकाळी काढायचं आणि मग उंदीर मारायचे, असं ठरलं. म्हणजे पाडव्याच्या संध्याकाळपासून त्यांच्या पोटात काही जाता कामा नये.

आमच्याकडे पाडव्याला आधी गोठ्यात घास, मग माणसांची पानं. मी कामावर निघाले तर आईने भाकरी आणि गूळ फडक्यात बांधून दिला.

"तुजी बी जनावरं हायेत ना गो तिकडं? आजच्या दिशी मुका जीव उपाशी नाय ठेवायचा."

मी हसले. शिकलेली होते ना! पण संध्याकाळी खाण्याच्या वाट्या काढून घेतल्या आणि सगळे जाळीला नाकं लावून उभे राहिले. उद्या मरायचं आणि आज सणाचं उपाशी. मला बघवेना. चिमूटभराने काय होतंय, असं म्हणून प्रत्येकाला भाकरी-गूळ दिला. पुढ्यातलं लगेच नाहीसं झालं, मी निर्धास्त घरी गेले.

भाताच्या कणगीशेजारी वाढलेल्या मुलीला उंदीर दाणा लपवून ठेवतो हे आठवू नये! सकाळी रक्त काढलं आणि आकडे मी दोनदा तपासले. मिठाच्या पाण्यावरच्या काहींचीही साखर चढलेली. पिंजऱ्यात अंथरलेलं तूस चाळलं, तर तळाशी रात्रभर कुरतडून उरलेले गुळाचे खडे.

सर साखर मोजायच्या मशीनला दोष देत होते. गप्प राहिले असते तर खपून गेलं असतं. पण तेच आकडे कागदावर चढले असते, औषधाने साखर चढत नाही असं ठरलं असतं, आणि ते कुणाच्या तरी लेकराच्या दंडात गेलं असतं. मी घाबरत घाबरत सगळं सांगितलं. नोकरी गेलीच, असं धरून चालले होते.

सर ओरडलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "हे आजच संपवा. नवीन वीस मागवा."

वीसही मीच मारले. माझ्या दयेपायी आता आणखी वीस मरणार होते. आईला मी यातलं काही सांगितलं नाही, आणि त्याची लाज अजून वाटते.

नवे वीस आले, त्यांनाही रोजची इंजेक्शनं देऊन झाली. या वेळी सण नव्हता. वाट्या काढल्या, तूस दोनदा चाळलं, जाळीकडे पाहिलं नाही. सकाळचे आकडे अगदी सरळ आले. हार्मोनवाल्यांची साखर वर, बाकीच्यांची जागच्या जागी. सर म्हणाले, "शाब्बास." आणि पुढ्यात वीस जीव मरायचे बाकी असताना मला आनंद झाला. खरंच झाला.