दुसरा वस्तरा

धरमपेठेतला आमचा न्हावी भारी तापट. त्याच्याकडे जपानच्या डोंगरातला दगड होता. त्यावर पाणी टाकून तो एक छोटा दगड घासायचा आणि दुधासारखा चिखल उठला की त्यातच वस्तरा फिरवायचा. कोणी घाई केली की खेकसायचा, "धार लावून राहिलो ना गा!"

एकदा त्याने एका बौद्ध मास्तरांची दाढी केली. त्यांच्यानंतर बसलेले वकील तोंडाला फेस लागल्यावर म्हणाले, "माझ्यासाठी दुसरा वस्तरा काढ."

त्याने तोच वस्तरा पुन्हा चिखलात घासला, पुसला आणि खाडकन मिटला. "याच्याहून साफ वस्तरा नाही माझ्याकडे. तोंड धुवा अन् निघा!"

वकील गेले. मला हसू आलं.

तो माझ्यावर उसळला, "तुम्ही काहून हसून राहिले? मागच्या हप्त्यात हेच तुम्ही माझ्या कानात बोलले होते."