गाण्याआधीचा दम

आमच्या अमरावतीच्या घरात रेडिओग्राम आला तो संगीतासाठी नव्हे, अकोल्यासाठी. जठारपेठेत राहणाऱ्या आमच्या चुलतकाकांनी तो आधी घेतला होता. दिवाळीत आम्ही गेलो तेव्हा झाकणावरून हात फिरवत त्यांनी बाबांना विचारलं, "तुमी अजून घेतला नाही काय?" वकिलाला एवढा पुरावा पुरे झाला. लवकरच रेडिओ आणि तबकड्यांचं यंत्र एकाच पोटात घेतलेलं ते कपाटाएवढं धूड आमच्या बैठकीत येऊन बसलं. आईनं त्यावर क्रोशाचा रुमाल घातला, रुमालावर पितळी फुलदाणी ठेवली, आणि संगीताची कायमची सोय झाली. झाकण उघडायचं तर आधी फुलदाणीला जागा शोधावी लागे, म्हणून कुणी उघडत नसे.

माझा थोरला भाऊ मुंबईला तबकड्या काढणाऱ्या कंपनीत होता. गाणारे निवडायचे, वादक जमवायचे, माइक कुठे ठेवायचा ते ठरवायचं, आणि मनासारखं होईपर्यंत सगळ्यांना पुन्हा पुन्हा गायला लावायचं, हे त्याचं काम. बाबा मात्र लोकांना सांगत, "थोरला मुंबईले कंपनीत असते." कंपनी कशाची, असं कुणी विचारलंच तर त्यांना एकदम कोर्टाची वेळ आठवे. मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो, दुसऱ्यांदा. तरी घरात काळजी दादाचीच.

साठ सालानंतरचा कुठलासा मे महिना. दादा बडनेऱ्याला उतरला तो बाळंतिणीनं माहेरून निघावं तसा, धोतरात गुंडाळलेली तबकडी छातीशी धरून. त्यानं स्वतः काढलेली पहिली लाँग प्ले. मुंबईत तिचं कौतुक झालं होतं, पण त्याला हवं होतं ते वेगळंच. बाबांनी तिची एक बाजू सलग, शेवटपर्यंत ऐकावी. वीस मिनिटं. बस्स.

आता आमच्या घरात वीस मिनिटं गप्प बसायला सांगणं म्हणजे पोटाचं ऑपरेशन करून घ्या म्हणण्यासारखं. दारी आलेल्या माणसासमोर मुकं बसणं हा त्याचा अपमान, ही आमच्याकडची रीत. आणि बैठकीत कुणी आलेलं नाही, असा प्रहर आमच्याकडे नव्हता.

पहिल्या संध्याकाळी फुलदाणी समारंभानं खाली उतरली. समोर दर्यापूरकडचे एक अशील बसले होते. शेजाऱ्यानं धुरा, म्हणजे शेताचा बांध, कोरून त्यांच्या शेतातली नांगराच्या एकदोन तासांएवढी जमीन आपल्याकडे ओढली होती. "लाव रे तुझं ते," बाबा म्हणाले, आणि सुई टेकायच्या आत तिकडे वळले. "हां, मंग धुऱ्याचं काय झालं?"

"बाई बरी गाते, वकीलसायब," अशील जरा वेळानं म्हणाले. "पण आवाज कमी करता आला तं पाहा. मले तुमचं ऐकू नाही येऊन राहिलं."

तबकडीची बाजू संपली. धुरा संपला नाही.

दुसऱ्या दिवशी दादा टाळ्या वाजवत घरभर हिंडू लागला.

"काय टाळ्या वाजवून राहिला रे?" आई म्हणाली. "आरती आहे काय?"

"खोली ऐकतोय."

"मंग तिले माझंही थोडं सांग. इथं दुसरं कोणी ऐकत नाही."

टाळ्या थांबल्या त्या मागच्या गादीघरात. कापसाच्या मुलखात घराची पत गाद्यांच्या थप्पीवरून ठरते; लग्नाच्या पाहुण्यांसाठी आम्ही त्या छतापर्यंत रचून ठेवल्या होत्या. तिथे टाळी वाजली की जागच्या जागी विझे. दादाचा चेहरा उजळला. आम्ही दोघांनी ते धूड उचलून आत नेलं. मी उचलत होतो असं मला वाटतं. मी लटकत होतो असं दादाचं मत आहे.

वेळही त्यानं हेरून काढली, भर दुपारची. वऱ्हाडातल्या मे महिन्यात त्या वेळी अशील काय, कुत्रंही दारात येत नाही. खिडक्या लावल्या, वाळ्याच्या ताटीवर पाणी मारलं. बाबा झोपायला आत आले, तर पुढे रेडिओग्राम.

"पंखा बंद करा," दादा म्हणाला.

"काहून?"

"घरघर ऐकू येते."

"अरे, माणसं मरतीन!"

"वीस मिनिटांत नाही मरत, बाबा."

सुई टेकली. तंबोरा असा निघाला की हात पुढे केला तर तारेला लागेल. बाई गादीच्या थप्पीला टेकून गात असावी, इतकी जवळ. मी डोळे मिटले. जाणकार मिटतात. पुढचं मला आठवत नाही.

जाग आली तेव्हा सुई उचलली गेली होती. आई पदरानं वारा घेत होती. बाबांचे डोळे मिटलेले, कपाळावरून घाम ओघळत होता. दादा त्यांच्याकडे बघत उभा होता. निकालाच्या दिवशी माझा चेहरा कसा दिसत असेल, ते मला तेव्हा कळलं. झोपले, असं मी त्याला खुणेनं सांगणार, तोच बाबा बोलले.

"गाणं सुरू व्हायच्या आधी ते बाई दम घेते. ते काढता येत नव्हतं काय?"

दादा चपापला. "येत होतं. कंपनीतले साहेब काढाच म्हणत होते."

"मंग काहून ठेवलं?"

"भांडलो मी त्यांच्याशी. तो काढला की बाई खोटी वाटते."

बाबांनी डोळे उघडून कपाळावरचा घाम पुसला. "बरं केलं," ते म्हणाले. "साक्षीदार तोंड उघडायच्या आधी दम घेते ना, तेव्हाच समजते का खरं सांगून राहिला का खोटं. आता पंखा लाव."

दादा मुंबईला परतला. रेडिओग्राम बैठकीत आला, पण फुलदाणी मात्र कायमची खाली राहिली. आलेल्या प्रत्येक अशिलाला बाबा आता स्वतः तबकडी लावून दाखवू लागले. बोट वर करत. "थांबा... थांबा... हे! ऐकलं?" आणि लगेच सुई उचलत.

"गाणं नाही लावत काय, सायब?"

"गाणं काय, कोणीही गाते. थोरल्यानं हे ठेवलं पाहा. भांडून ठेवलं. हां, बोला आता, काय म्हणते तुमचा शेजारी?"

पुढच्या मे महिन्यात आम्ही रेडिओग्राम पुन्हा गादीघरात नेला, आणि पंखा बंद करून दादानं तीच तबकडी लावली. दम येत होता त्या जागी नुसती खरखर. त्यानं ती खिडकीच्या फटीतल्या उजेडात धरली. सुरुवातीची कड झिजून पांढुरकी झाली होती. बाकी सगळी काळीभोर, कोरी.

"काहून रे?" गादीवरून बाबा म्हणाले. "बिघडली काय?"

"नाही, बाबा," दादा म्हणाला, आणि स्वतःच उठून त्यानं पंखा लावला.