अळणी कोणासाठी?

आमच्या घराला तिखटाचा माज आहे. दुसरा शब्द मला सुचत नाही. कुणी शेताचा माज करतं, कुणी दंडाचा. आमच्या सासऱ्यांनी जन्मभर जिभेचा केला. मी त्यांना मामा म्हणते आणि सासूबाईंना आत्ती, इकडं बऱ्याच घरांत म्हणतात तसं. मामा एसटीत ड्रायव्हर होते. रिटायर होऊन जमाना झाला, पण बोलणं अजून चालू इंजिनाच्या वरताण. घरात पावणं आलं की चहाच्या आधी त्यांची एक गोष्ट ठरलेली.

गोष्ट अशी. आत्ती चंदगडच्या. तिकडं पाऊस, भात आणि नारळ. तिखटाचं प्रस्थ आमच्याएवढं नाही. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच पंगतीला त्यांच्यापुढं तांबडा रस्सा आला. आता ही पोरगी ठसकणार म्हणून सगळी भावकी बघत बसलेली. तर बाईनं वाटीच्या वाटी संपवली आणि पाण्याचं नाव काढलं नाही. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण ते माहेरच्या आठवणीनं. "तिखटाला न्हाय रडली, आईबापाला रडली," असं म्हणून मामा मांडीवर थाप मारायचे. तोवर आत्ती चहाचा ट्रे घेऊन यायच्या आणि खाली बघून हसायच्या. सून म्हणून आल्यापासून ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली होती, की मामा कुठं थांबून श्वास घेणार तेही मला पाठ होतं.

परवाच्या दिवाळीनंतर आत्तींना कवळी बसवली आणि त्यांचं जेवण तुटलं. आधी दीड भाकरी खाणारी बाई अर्ध्यावर आली, मग ताकात चतकोर कुस्करून उठायला लागली. कवळी टोचत असेल म्हणून दोनदा घासून आणली. मग रक्त तपासलं, फोटो काढला, काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले वय झालं, नवरा म्हणाला वय झालं, मामा म्हणाले असं कसं वय झालं, माझ्यापेक्षा लहान हाय ती. पोलक्याच्या बाह्या मी दोन वेळा आत घेतल्या, तरी त्या ढिल्याच. मला भीती वाटायला लागली होती. मी तापट बाई आहे; भीती वाटली की मी चिडते. "खावा की दोन घास, कुणाची वाट बघताय?" असं मी त्यांच्यावर खेकसायची आणि मग मोरीत जाऊन भांडी आपटायची.

अशात उन्हाळा आला आणि चटणीचे दिवस आले. आमच्याकडं चटणी म्हणजे वर्षभराचं कांदा-लसणाचं तिखट. मिरच्या वाळवायच्या, मसाला भाजायचा, आणि डंकावर म्हणजे कांडप यंत्रावर नेऊन सगळं कुटून आणायचं. मिरची किती आणि कुठली, हे आत्ती ठरवायच्या. या वेळी त्या म्हणाल्या, तूच बघ. मी पिशव्या घेऊन डंकावर गेले. तिथल्या बाईनं मिरच्यांत हात घातला आणि सहज विचारलं, "वैनी, एवढं खातं कोण?"

मी घरातली माणसं बोटांवर मोजायला लागले. खरंच, कोण? नवऱ्याला पित्त, तो जेवायच्या आधी गोळी घेतो, मग रस्सा ओरपतो. मी शेजारी दह्याची वाटी घेतल्याशिवाय घास उचलत नाही. पोरगं पुण्याला, तिथं ते डबा खातं. राहता राहिले मामा, तर ते जेवण झालं की गुळाचा खडा तोंडात टाकतात आणि सवय आहे म्हणतात. यंत्र धडाधडा कुटत होतं, मला शिंका येत होत्या आणि मी एकटीच हसत सुटले होते. हे घर तिखट खातं असं आम्हाला सगळ्यांना वाटत होतं. प्रत्येकजण दुसऱ्यासाठी खात होता.

घरी येताना रिक्षात माझं डोकं थाऱ्यावर नव्हतं. असं आणखी काय काय चाललंय घरात, हेच आठवत बसले. हॉलमधल्या सोफ्यावरचं प्लास्टिक आठवलं. सोफा घेतला तेव्हापासून आम्ही त्याच्यावर चिकटून बसतोय, उन्हाळ्यात उठताना पोटऱ्या सोलून निघतात, आणि ते काढू नका असं कुणीही सांगितलेलं नाही. घरात पाऊल टाकल्या टाकल्या मी ते टराटरा फाडून काढलं. काय सांगू, इतका आनंद मला सोफा घेतला तेव्हाही झाला नव्हता.

त्याच तोऱ्यात मी आत गेले. आत्ती लसूण सोलत बसल्या होत्या. मी समोर बसले आणि विचारलं, "आत्ती, तुम्हाला तिखट आवडतं का हो?"

त्यांनी आधी दाराकडं बघितलं. मामा बाहेर कट्ट्यावर पेपर वाचत होते. मग हळूच म्हणाल्या, "मला बाई लेकराचं जेवान आवडतं."

लेकराचं जेवण म्हणजे अळणी. मटण हळद-मीठ, आलं-लसूण लावून शिजलं की चटणी घालायच्या आधी त्यातलं थोडं पातळ पाणी आणि दोन मऊ फोडी लहान पोरांसाठी बाजूला काढतात, ते अळणी; नावालाच अळणी, मीठ असतं, तिखट तेवढं नसतं. माझा मुलगा लहान असताना दर रविवारी त्याला अळणी-भात आत्तीच भरवायच्या, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. तो चार घास खाऊन पळाला की उरलेलं, टाकायचं कशाला म्हणून, स्वतः खायच्या. मी म्हणायची, काय माया आहे नातवावर! माया होतीच. भूकही होती. पोरगं मोठं झालं, तांबड्यावर आलं, आणि आम्ही अळणी काढायचं बंद केलं. पांढरा रस्सा व्हायचा तो पावण्यांसाठी, आणि तोही मिरीनं झणझणीत. आता कवळीखाली हिरड्या सोलवटलेल्या, त्यावर आमचं ते तिखट. बाई जेवणार कशी?

मी तडक उठले, मामांना सांगते म्हणाले. आत्तींनी माझा पदर धरला. त्यांना काय बोलू नको म्हणाल्या. त्यांची गोष्ट मोडेल.

मला असा राग आला म्हणता! गोष्ट मोडेल म्हणून माणसानं वाळून जायचं? पण शब्द दिला. बोलणार नाही म्हणाले. रांधणार नाही असं मात्र म्हणाले नव्हते.

रविवारी मटण शिजलं आणि मी चांगलं पातेलंभर अळणी बाजूला काढलं. चौघं जेवायला बसलो. आत्तींच्या ताटात मऊ भात वाढला आणि त्यावर अळणी ओतलं. त्या खाली मान घालून जेवायला लागल्या. पहिला भात संपला. न विचारता मी दुसरा वाढला, तोही संपायला आला. किती महिन्यांनी त्यांना असं जेवताना बघत होते मी.

मामांचा हात ताटात थांबला होता. "अळणी कोणासाठी काढलंय?" ते म्हणाले. "लेकरू कुठलं आलंय घरात?"

नवऱ्यानं ताटात डोकं घातलं. मी शब्द दिला होता. आत्तींनी बोटं चाटली आणि सरळ मामांकडं बघितलं. "माझ्यासाठी," त्या म्हणाल्या. "मला तिखट सोसत न्हाय. कधीच न्हाय सोसलं."

मामांनी बारीक आवाजात विचारलं, "मग तवा पंगतीत रडलीस, ती?"

"तिखटानं."

"आन् म्हायेर?"

"म्हायेर आठवलं की. तिथं उठून पानी घेता आलं असतं."

"मला कधी बोलली न्हाईस."

"तुमी कधी इचारलंसा?" आत्ती म्हणाल्या, आणि त्यात राग नव्हता. पोट भरलेल्या बाईचा आवाज होता तो.

मामांनी ताट सारलं. गुडघ्यांवर हात टेकून उठले. मला वाटलं, गेले रुसून. पण ते माठाकडं गेले. घरात पाण्याचा पेलासुद्धा कधी स्वतः न घेतलेला माणूस, त्याला तांब्या कुठं ठेवलाय तेही सापडेना. शेवटी सापडला. काठोकाठ भरून, सांडत सांडत आणला आणि आत्तींच्या ताटाजवळ ठेवला.

"घे," ते म्हणाले.

"आता कशाला?" आत्ती म्हणाल्या. "आज अळणीच हाय की."

असं म्हणाल्या, तांब्या उचलला, आणि तळ दिसेपर्यंत प्याल्या.